पोरीच्या गाडीबद्दल, प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

आमची लेक लहान मुलांच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरते, त्यावर 'हौस आईबापाची आणि जीव टांगणीला पोरीचा. एवढ्या पैशात तिचं काहीतरी भलं झालं असतं,' असं तुम्ही लिहिलंत. दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

आधी धोक्याचं. क्वार्टर मिजेट, म्हणजे मुलांसाठीच्या छोट्या रेसच्या गाड्या, इथे अमेरिकेत मुलं पाचव्या वर्षापासून चालवतात. ट्रॅक लंबगोल, मैलाचा विसावा भाग, म्हणजे जेमतेम ऐंशी मीटर. लेकीच्या गाडीचं इंजिन होंडाचं १२० सीसीचं आहे, शेतातल्या छोट्या पंपावर असतं त्या जातीचं. भोवती लोखंडी पिंजरा, अंगावर पट्टे, मानेला आधार, आणि हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून मनगटांनाही पट्टे. तरी गाड्या उलटतात. गेल्या जूनमध्ये तिचीही उलटली. शर्यत थांबवायचा लाल झेंडा दाखवला आणि खूण मिळेपर्यंत आम्हाला कुंपणाबाहेरच थांबावं लागलं. ती पट्ट्यांत उलटी लटकत होती, अंगठा मात्र वर. एक ओरखडाही नव्हता, पण ते क्षण माझ्या अंगातून अजून गेलेले नाहीत. धोका नाही असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही.

हौसेचं म्हणाल तर, या गाडीला ना स्टार्टर ना गिअर. मोठ्या माणसाने मागून ढकलल्याशिवाय ती सुरूच होत नाही. मूल एकटं हा खेळ खेळूच शकत नाही. शुक्रवारी रात्री आम्ही तिघं गॅरेजमध्ये कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघायला चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतो. आकडे ती वाचते, वहीत तीच लिहिते. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा घेराने मोठं का, हे तिने सांगलीच्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर चहाचा कागदी कप आडवा टाकून दाखवलं. कप वळत वळत गेला आणि आजोबांनी तो तीनदा ढकलायला लावला. ट्रॅकवर झेंडे दाखवणारे, लॅप मोजणारे, वडापावसारखं काहीबाही विकायला बसणारे, सगळे कुणाचे ना कुणाचे आईबाप. मुलगे-मुली एकाच शर्यतीत उतरतात. अमेरिकेची रेसर सारा फिशर अशाच गाड्यांमधून पुढे गेली आणि २००० साली, एकोणिसाव्या वर्षी, इंडियानापोलिस ५०० या इथल्या मोठ्या मोटार शर्यतीत धावली. आमची लेक तिथे पोहोचावी म्हणून मात्र आम्ही हे करत नाही.

पैशाचं तुमचं बरोबर आहे. गाडी जुनी घेतली, तरी टायर आणि प्रवासाचा खर्च थांबत नाही. गाडी घेतली त्या वर्षी आम्ही भारतात आलो नाही. सासूबाईंना ते लागलं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात. तुम्ही तसं थेट लिहिलं नसलं तरी कुंपणाशी उभे राहिलेले आईबाप कसे होतात, ते मी पाहिलंय. मीच तशी झाले होते. ती शेवटची आली त्या दिवशी हेल्मेट निघायच्या आधीच मी विचारलं, 'आतल्या बाजूने पुढे का नाही घुसलीस?' घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. गाडीतून उतरल्यावर पहिलं बोलायचं तिने. आम्ही पाणी द्यायचं आणि थांबायचं. गेल्या शनिवारी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'बाबा, वळणावर मागचं उजवं घसरतंय.' बाबाने पाना उचलला.