पेशंटमागे दीड लाख? आधी हिशोब तरी करा

आत्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला, खाली विचारलं होतं "हे खरं का गं?" आणि मी वाचून होईपर्यंत तिचाच फोन आला की मला उद्या काही झालं तर सरकारी दवाखान्यात नेऊ नका, तिथे माणसाचं काय करतील सांगता येत नाही. आत्या बहात्तरची आहे, बीपी आहे, शुगर आहे, सासवडला एकटी राहते. तिला रात्री दम लागला आणि या मेसेजपायी ती सकाळपर्यंत कुणाला बोललीच नाही तर? म्हणून हे सगळं लिहितेय, आणि रागानेच लिहितेय. हा कचरा 2020 पासून फिरतोय, दर वर्षी कोणीतरी नव्याने पाठवतं, आणि पाठवणारे आपल्यातलेच शिकलेसवरलेले असतात.

मेसेज थोडक्यात असा. मार्च 2020 मध्ये पुण्यात कोरोना वगैरे काही नव्हतं, साधा फ्लू होता. नायडू हॉस्पिटलात पहिल्या पेशंटना नुसती पॅरासिटामॉल दिली आणि ते बरे होऊन घरी गेले, म्हणजे रोग खोटा. महापालिकेला आणि हॉस्पिटलांना केंद्राकडून दर पेशंटमागे दीड लाख रुपये मिळायचे म्हणून दिसेल त्याला पॉझिटिव्ह केलं. टेस्ट इतकी बोगस की पपई पॉझिटिव्ह आली. डॉक्टर वॉर्डात फिरकलेच नाहीत. बॉडी प्लॅस्टिकमध्ये बांधून दिल्या कारण आतले अवयव काढून घेतले होते. आणि यातून डॉक्टर-नर्सनी बंगले बांधले.

दीड लाखापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच खुंटीला टांगलंय.

कागद-पेन घ्या. 11 सप्टेंबर 2020 ला महाराष्ट्रातल्या एकूण पेशंटचा आकडा 10 लाखांच्या पुढे गेला. 10 लाख पेशंट गुणिले दीड लाख रुपये, म्हणजे 15,000 कोटी. आता केंद्राने कोरोनासाठी अख्ख्या देशाच्या आरोग्य व्यवस्थेला जाहीर केलेलं पॅकेज किती होतं? 15,000 कोटी. हा आकडा कुठे लपवलेला नाही, 24 मार्चला रात्री आठला लॉकडाऊन जाहीर झाला त्या भाषणात पंतप्रधानांनी स्वतः सांगितलाय आणि आपण सगळ्यांनी तो टीव्हीसमोर बसून ऐकलाय. त्याच पैशांत टेस्टिंगच्या लॅब, पीपीई किट, आयसीयू बेड, व्हेंटिलेटर, स्टाफचं ट्रेनिंग सगळं बसवायचं होतं. म्हणजे हा मेसेज खरा धरला तर सप्टेंबरपर्यंत एकट्या महाराष्ट्राने देशाचा सगळा पैसा संपवला आणि बाकीच्या राज्यांना एक रुपयाही उरला नाही. तेव्हा देशात 45 लाखांवर केसेस झाल्या होत्या, त्यांचं काय? चौथीतल्या पोराला जमेल असा गुणाकार आहे, पण फॉरवर्ड करणाऱ्या एकानेही तो केलेला नाही.

आणि जरा डोकं लावा. डोक्यामागे पैसे मिळत असते तर सरकारने माणसं धरून धरून अ‍ॅडमिट केली असती ना? झालं उलटं. 27 एप्रिल 2020 लाच केंद्राने सांगितलं की अगदी सौम्य लक्षणं असतील तर घरीच वेगळे रहा. 8 मे ला डिस्चार्जचा नियम बदलला, सौम्य पेशंटला दहा दिवसांनी घरी सोडा, ताप नसेल तर जाताना परत टेस्ट करायची गरज नाही. जुलैमध्ये अजिबात लक्षणं नसलेल्यांनाही घरी राहायची परवानगी मिळाली. ज्याला पेशंटमागे दीड लाख मिळतात तो पेशंट घरी पाठवेल का?

मग हा दीड लाखाचा आकडा आला कुठून? मला वाटतं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उचललाय. या योजनेत तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होते. आधी ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी होती, मे 2020 मध्ये राज्यातल्या सगळ्यांना लागू केली. पण दीड लाख ही वरची मर्यादा, आणि तीही कुटुंबाची. हॉस्पिटलला मिळतं ते केलेल्या उपचाराचं ठरलेलं पॅकेज, तेही कागदपत्रं तपासून झाल्यावर. पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवला आणि चेक घेतला असला प्रकार कुठेच नव्हता. कुटुंबाच्या विम्याची मर्यादा उचलायची आणि तिला हॉस्पिटलचं बक्षीस म्हणून खपवायचं, ही लबाडी आहे.

आता एक गोष्ट मान्य करायलाच लागते, मनाविरुद्ध का होईना. पैसे उकळले गेले. पण ते केंद्राकडून नाही, पेशंटकडून, आणि उकळले ते काही खाजगी हॉस्पिटलांनी. बिलं इतकी फुगली की 21 मे 2020 ला राज्य सरकारने 80 टक्के बेड ताब्यात घेऊन रेट बांधून दिले, जनरल वॉर्ड आयसोलेशन दिवसाला 4,000, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसकट 9,000. पीपीई आणि महागडी औषधं त्यात नव्हती, त्यामुळे वाट तिथूनही काढली गेली, मग बिलं तपासायला ऑडिटर बसवावे लागले. आमच्याच नात्यात एकाने पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलचं बिल भरायला बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवलंय. हा राग खरा आहे आणि तो असायलाच पाहिजे. पण जिथे बिलच आलं नाही त्या महापालिकेच्या दवाखान्यावर तो का काढता?

बॉडीचा मुद्दा. हा सगळ्यात घाणेरडा आहे, आणि आत्या घाबरली ती यालाच.

15 मार्च 2020 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मृतदेहाबद्दलच्या सूचना काढल्या. राज्यातला पहिला मृत्यू त्यानंतर दोन दिवसांनी झाला, मुंबईत कस्तुरबा हॉस्पिटलात, म्हणजे तेव्हा कोणाला काही लपवायचा प्रश्नच नव्हता. त्या सूचनांत लिहिलंय की बॉडी गळणार नाही अशा बॅगेत ठेवा. शवविच्छेदन शक्यतो टाळा. आणि हेही लिहिलंय, जे कोणी फॉरवर्ड करत नाही, की नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेता यावं म्हणून स्टाफने काळजी घेऊन चेहऱ्यापाशी बॅग उघडावी, हात न लावता मंत्र, पाणी शिंपडणं असे विधी करू द्यावेत, आणि राखेपासून काही धोका नाही, अस्थी नेऊ द्याव्यात. सगळीकडे हे पाळलं गेलं का? नाही. कित्येकांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, लांबून हात जोडून परत यावं लागलं, कुठे बॉडीची अदलाबदल झाली. ती जखम खोल आहे आणि त्याबद्दल यंत्रणेला धारेवर धरायलाच हवं होतं. पण बॅगेचं कारण संसर्गाची भीती होती, बॅगेत दुसरं काही नव्हतं.

अवयव काढणं म्हणजे काय असतं ते समजून घ्या. हृदय बंद पडून माणूस गेला की किडनी, लिव्हर, हृदय काही वेळात निकामी व्हायला लागतं. मेल्यानंतरचं अवयवदान होतं ते बहुतेक ब्रेनडेड पेशंटचं, म्हणजे ज्याचा मेंदू कायमचा बंद पडलाय पण हृदय व्हेंटिलेटरच्या आधाराने चालू असतं. त्यासाठी 1994 च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांची समिती लागते, दोनदा तपासण्या लागतात, नातेवाइकांची सही लागते, घेणाऱ्याचा ब्लडग्रुप आणि बाकी गोष्टी जुळाव्या लागतात, ऑपरेशन थिएटर आणि सर्जनची टीम लागते, आणि काढलेलं हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडायला हवं. ज्या वॉर्डात ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला माणूस पुरत नव्हता तिथे हे कोण करत होतं, कधी करत होतं? वर कोरोनाने गेलेल्याचे अवयव त्या काळात घ्यायचेच नाहीत असा नियम होता. संसर्ग झालेलं फुप्फुस कोणाच्या अंगात घालणार होते?

ही अफवा नवीसुद्धा नाही. 1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा आर्थर रोडच्या हॉस्पिटलबद्दल हेच बोललं जायचं की आत नेलेल्या माणसाला मारतात. ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्या हॉस्पिटलवर चालून गेला होता. तेव्हाच्या लोकांना मी दोष देणार नाही, परक्याचं सरकार होतं, घरात सरकारी माणसं घुसून रोग्यांना ओढून नेत होती, रोग कशाने होतो तेही धड कळलं नव्हतं. आज आपल्या हातात फोन आहे, दोन मिनिटांत खरं-खोटं बघता येतं. तेच हॉस्पिटल पुढे कस्तुरबा झालं, आणि मार्च 2020 मध्ये मुंबईचे पहिले पेशंट तिथेच गेले.

आता नायडू. 9 मार्च 2020, होळीचा दिवस, दुबईहून आलेलं पुण्यातलं जोडपं पॉझिटिव्ह आलं. राज्यातल्या पहिल्या केसेस. नायडू हे महापालिकेचं साथीच्या रोगांचं हॉस्पिटल, 2009 च्या स्वाइन फ्लूला आख्खं पुणं तिथेच रांग लावून उभं होतं. पुण्यातच एनआयव्ही, म्हणजे विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, असल्यामुळे सॅम्पल लगेच तपासलं गेलं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून घेऊन आलेला टॅक्सीवाला आणि विमानातला एक सहप्रवासी असे तिघे सापडले. तो टॅक्सीवाला सापडला नसता तर तो अजून किती जणांना गाडीत घेऊन फिरला असता याचा विचार करा. पेशंटला ठेवलं होतं ते वेगळं ठेवायला, गोळ्या चारायला नाही. तेव्हा या रोगावर औषध नव्हतंच, मग पॅरासिटामॉल देणार नाही तर काय देणार? ज्यांना त्रास कमी होता ते तेवढ्यावर बरे झाले, बहुतेक लोक होतातच. दोन टेस्ट निगेटिव्ह आल्यावर ते जोडपं गुढीपाडव्याला, 25 मार्चला घरी गेलं. ज्यांचा ऑक्सिजन खाली गेला त्यांचं काय झालं ते विचारा. ससून या पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलची अकरा मजली नवी बिल्डिंग एप्रिलमध्ये घाईघाईने सुरू करावी लागली ती साध्या फ्लूसाठी नाही. आणि ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाच प्रभागांतल्या रक्ततपासणीत 51.5 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे शरीर या विषाणूशी लढल्याची खूण, सापडल्या. रोगच नव्हता तर त्या कशाच्या?

औषधांच्या बाबतीत गोंधळ झाला हे मात्र खरं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिली, तिचा उपयोग नव्हता. प्लाझ्मासाठी, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, लोक रात्री-बेरात्री डोनर शोधत फिरले, आणि आयसीएमआरच्याच, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच, 464 पेशंटच्या अभ्यासात फायदा दिसला नाही, तरी ही प्लाझ्मा थेरपी सरकारी उपचारांच्या यादीतून काढायला मे 2021 उजाडला. हे चुकलंच. पण जून 2020 मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन, ते स्वस्तातलं जुनं स्टेरॉइड, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करतं, आणि ते सगळीकडे सुरू झालं.

पपईवर वेळ घालवत नाही. मे 2020 मध्ये टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भाषणात तसं सांगितलं, पुरावा दिला नाही, आफ्रिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, ते फेटाळलं.

"डॉक्टर फिरकले नाहीत." अर्धं खरं. सुरुवातीला कितीतरी खाजगी दवाखाने शटर ओढून बसले, साध्या तापाचा पेशंट आणि बाळंतपणाची बाई दारोदार फिरली, ते मी विसरलेले नाही. कोविड वॉर्डातही राउंड कमी झाले, कारण किटच पुरत नव्हते, एकदा घातलं की शिफ्ट संपेपर्यंत काढायचं नाही. पण वॉर्ड मोकळा नव्हता. माझी मामेबहीण सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. गॉगलला आतून वाफ धरायची, दोन-दोन ग्लोव्ह्जमधून नस लागायची नाही, बोटाने चाचपून अंदाजाने सलाइन लावायची. ड्युटीच्या आधीपासून पाणी प्यायचं नाही कारण बाथरूमला जाता येत नाही. किटमध्ये कोण कोण आहे ते कळत नाही म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचं, 'सुनीता सिस्टर', 'मावशी'. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल आजोबांच्या तोंडासमोर धरून त्यांच्या सुनेशी बोलणं करून द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुनेचा फोन आला की काय सांगायचं ते डॉक्टरांना विचारायचं. तिच्या वॉर्डातले एक मामा, रोज पेशंटची भांडी उचलणारे, पहिल्या लाटेतच गेले.

राहिले बंगले. कोविड सेंटरला घेतलेला कितीतरी स्टाफ काही महिन्यांच्या कंत्राटावर होता, साथ ओसरल्यावर त्यांना घरी पाठवलं. 50 लाखांचा जो विमा सारखा सांगतात तो ड्युटीवर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना होता, जिवंत नर्सला नाही. आणि घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या, कोण कुठून आलंय त्याची नोंद ठेवणाऱ्या, कित्येक ठिकाणी लोकांच्या शिव्या खाणाऱ्या आशाताईंना या जास्तीच्या कामाचे केंद्राकडून मिळायचे महिना 1,000 रुपये.