पातळ फिल्मचा वेगळा आकडा म्हणजे लबाडी नव्हे

‘अतिसंवाहकतेचं क्रांतिक तापमान धातूला जन्मजात असतं, वितळणबिंदूसारखं. पातळ फिल्मवर वेगळा आकडा दिसला तर तो जुळवलेला समजा.’ अशी पोस्ट सगळीकडे फिरते आहे. (क्रांतिक तापमान म्हणजे ज्याच्या खाली धातूचा विद्युतरोध शून्य होतो, म्हणजे तो अतिसंवाहक होतो, ते तापमान.) अशुद्धी नेहमी मारकच आणि फिल्मच्या खालच्या आधाराचा आकड्याशी संबंध नाही, असंही त्यात म्हटलंय. परवा ती माझ्या भाचीपर्यंत पोचली. ती प्रकल्पासाठी नायोबियम धातूच्या फिल्म, म्हणजे आधारावर बसवलेले अतिशय पातळ थर, बनवते. तिचा आकडा पुस्तकातल्या 9.2 केल्विनपेक्षा खाली आला, तर ही पोस्ट वाचून ती स्वतःच्या मोजमापावरच संशय घ्यायला लागली. शिकणाऱ्या मुलीला खरं निरीक्षण खोटं वाटायला लावणं, याचा मला संताप आहे.

आधी तो ‘जुळवण्याचा’ आरोप. 1954 मध्ये बुकेल आणि हिल्श या भौतिकशास्त्रज्ञांनी द्रव हेलियमने गार केलेल्या पृष्ठभागावर बिस्मथ धातूची वाफ बसवली. इतक्या थंडीत अणू जिथे पडतात तिथेच गोठतात, स्फटिक बनायला त्यांना हलताच येत नाही. ही अस्फटिकी फिल्म सुमारे 6 केल्विनला अतिसंवाहक झाली. तीच फिल्म थोडी तापू द्या. सुमारे 20 केल्विनच्या आसपास ती स्फटिकी होते आणि तो गुण जातो. पुन्हा गार केली तरी परतत नाही. स्फटिकी बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन अगदी थोडे, त्यामुळे त्याची अतिसंवाहकता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सापडली ती थेट 0.53 मिलिकेल्विनला. अणू तेच, फरक दहा हजार पटींचा. यात कोणी काय जुळवलं?

‘अशुद्धी नेहमी मारकच’, म्हणजे आकडा खालीच आणते, हे नायोबियमपुरतं बरोबर आहे. शंभर अणूंमागे एक ऑक्सिजन शिरला की जवळपास 0.9 केल्विन गेलेच. व्हॅक्यूम कमी पडला असेल तर भाचीचा आकडा खाली येणारच. पण ॲल्युमिनियम थोड्या ऑक्सिजनमध्ये बसवलं की 1.2 केल्विनवरून 2 च्या वर चढतं.

जाड, स्वच्छ, नीट स्फटिकी थर पुस्तकातल्या आकड्याजवळ येतो, हे मान्य. बनावट आकडेही झाले आहेत. 2002 साली अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतलं बनावट आकड्यांचं प्रकरण उघडकीला आलं, कारण वेगवेगळ्या आलेखांत हुबेहूब तोच गोंगाट (मोजमापातले आपोआप येणारे बारीक चढउतार) होता आणि इतरांना ते प्रयोग जमत नव्हते. बिस्मथचा प्रयोग मात्र इतरांनाही जमतो.

‘खालच्या आधाराचा संबंध नाही’ यावर एवढंच: काचेवर साध्या तापमानाला स्पटर केलेलं (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून बसवलेलं) टँटलम बहुधा बीटा रूपात, म्हणजे त्याच्या दोन स्फटिकरचनांपैकी एकीत, बसतं आणि 1 केल्विनच्या खालीच राहतं. आधी नायोबियमचा पातळ थर द्या, दुसरी रचना म्हणजे अल्फा रूप येतं आणि आकडा 4 च्या वर जातो.