‘नाकारलं की विषय संपला’ हा मेसेज पुढं पाठवण्याआधी हे वाचा

आमच्याकडच्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला तर मालवणपासून दापोलीपर्यंतच्या चार जणांनी पाठवला. म्हणे पीअर रिव्ह्यू, म्हंजे जर्नलनं पेपर (शोधनिबंध) छापण्याआधी तो त्याच विषयातल्या जाणकारांकडून, रिव्ह्यूअरकडून, तपासून घेणं, हे सगळं नाटक, मोठ्या नावांचं डोळे मिटून छापतात, आपलं जळून नाकारतात, नाकारल्यावर दाद मागायची सोय नाही, म्हणून पैसे भरा आणि आठ दिवसांत पेपर छापून घ्या. पीएचडीची पोरं हे खरं मानायला लागलीत म्हणून लिहायला बसलो.

मोठ्या नावांचं आधी बघू. १९३६ मध्ये आइनस्टाइन आणि रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पेपर पाठवला, गुरुत्वीय लहरी नसतातच असं त्यात होतं. संपादकानं तो रिव्ह्यूअरकडे दिला, त्यानं चूक दाखवली, आइनस्टाइन एवढा चिडला की पेपरच मागे घेतला. पण पुढं १९३७ मध्ये तो दुसऱ्या जर्नलात आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता, म्हंजे रिव्ह्यूअरचं बरोबर होतं.

आता जळण्याचं. असे रिव्ह्यूअर असतात, नाही म्हणत नाही, म्हणूनच अमुक माणसाकडे पाठवू नका असं पेपर देतानाच सांगायची सोय बऱ्याच जर्नलांत असते. पण प्रत्येक नकार म्हंजे जळणं नव्हे. माझा खाडीतल्या तिसऱ्यांवरचा, म्हंजे चिखलातल्या शिंपल्यांवरचा, पेपर परत आला तेव्हा मीही दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी शांतपणे वाचलं. एका रिव्ह्यूअरनं तारखा पंचांगाशी ताडून बघितल्या होत्या, काही महिन्यांची मोजणी उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) ओहोटीला झालेली आणि काही महिन्यांची भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या). भांगाला पाणी तेवढं मागं जात नाही, खालचा चिखल उघडाच पडत नाही, मग तिसऱ्या कमी मिळणारच, आणि मी ते खापर पावसाळ्यावर फोडलेलं! खाडीत टोपली घेऊन उतरणाऱ्या कुठल्याही बाईनं मला हे एका वाक्यात सांगितलं असतं. त्या रिव्ह्यूअरला याचा एक रुपया मिळाला नव्हता, बहुतेकांना मिळत नाही.

दाद मागता येत नाही हे तर साफ खोटं. त्याच पेपरच्या दुसऱ्या रिव्ह्यूअरनं लिहिलं होतं की नमुने कुठल्या जातीचे ते दिलेलंच नाही, आणि ते तर तक्ता दोनमध्ये होतं. त्यावर मी संपादकाला अपील केलं. अपील म्हंजे रडगाणं नव्हे, कुठल्या मुद्द्यात काय चूक झाली ते पान नंबरासकट लिहायचं: रिव्ह्यूअरनं वाचण्यात चूक केली, हितसंबंध होते, किंवा जर्नलनं स्वतःचीच पद्धत पाळली नाही. ‘मी तीन वर्षं मेहनत घेतली’ हे कारण चालत नाही. संपादकानं पेपर तिसऱ्या रिव्ह्यूअरकडे दिला, जातीचा मुद्दा मान्य झाला, पण भरतीओहोटीचा कायम राहिला आणि नकारही कायम. मला ते पटलं. परत वर्षभर मोजणी केली, सगळी उधाणाला, आणि दुसऱ्या जर्नलनं घेतला. एक लक्षात ठेवा, अपील चालू असताना तोच पेपर दुसरीकडे पाठवायचा नाही.

संपादक दादच देत नसेल तर संशोधन छापण्यातले नीतिनियम बघणारी कोप (COPE) नावाची संस्था आहे, १९९७ पासून. जर्नल तिचं सदस्य असेल तर तक्रार करता येते, पण पद्धत पाळली का एवढंच ती बघते, पेपर छापायला लावत नाही.

राहिलं आठ दिवसांत छापायचं. २०१३ मध्ये ‘सायन्स’च्या एका पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट पेपर ३०४ ओपन अॅक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांना पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला! अशाच एखाद्या ठिकाणी तुमचा छापून आला तर उद्या इंटरव्ह्यूत कोण विचारणार त्याला? त्यात यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केलीय, त्यामुळे जर्नल कसलं आहे हे आता आपणच तपासायचं.

कुणाकडे नकाराचं पत्र पडलं असेल तर ते घेऊन रविवारी घरी या, रिव्ह्यूअरचा एकेक मुद्दा सोबत वाचू आणि अपील करायचं की परत खाडीत उतरायचं ते ठरवू.