उतरा खाली!

फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी दारात आली की माणसाला वाटतं, आता आपल्या पायाला माती लागायची नाही. प्रत्यक्षात रस्ता सोडून दगड-चिखलात गाडी घालायच्या या छंदाइतकं पायी चालायला, वाकायला आणि लोळायला लावणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. नवशिक्याला मी एकच वाक्य पाठ करायला सांगतो: अडलं की उतरा. अडायच्या आधी उतरलात तर फारच उत्तम.

पहिल्यांदा उतरायचं ते टायरची हवा सोडायला. आयुष्यभर 'हवा टाइट ठेवा' हे ऐकत मोठे झालेल्या माणसाला स्वतःच्या हाताने ती सोडताना जीव कासावीस होतो. पण डांबरावरचे 32–35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) खडकाळ, चिखलाच्या वाटेवर 18–20 वर आणावेच लागतात आणि मऊ वाळूत 15 च्या आसपास. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी वर राहतं. शिवाय दगडावर टणाटण उड्या मारण्याऐवजी त्याला मिठी मारतं. मात्र औदार्याच्या भरात 12 च्या खाली गेलात, तर जोरात वळताना टायर रिमवरून निसटतो आणि रिम एकटीच पुढे निघते. हवा सोडायला पाच-दहा मिनिटं लागतात. भरायला किती लागतात, ते तुमच्या कॉम्प्रेसरच्या मर्जीवर. तो लायटरच्या सॉकेटमध्ये न खोचता थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडा, नाहीतर हवेआधी फ्यूज जाईल. आणि कंटाळा आला म्हणून तसंच हायवेला लागू नका. मऊ टायरच्या बाजू वेगात सारख्या दुमडतात, तापतात आणि शेवटी फुटतात.

आता दांडा, चारही चाकांना जोर जोडणारा. हौशी माणूस फोर-हायचा, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या वेगात ओढण्याचा दिवा लावून डांबरी रस्त्यावर मिरवतो, कारण डॅशबोर्डवर तो छान दिसतो. पार्ट-टाइम प्रकारच्या, म्हणजे चारही चाकांचा जोर गरजेपुरताच जोडायच्या गाडीत फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाकं थोडी घसरून हा हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण गिअरमध्ये साठतो, दांडा अडकून बसतो आणि भलं होतं ते मेकॅनिकचं. फोर-लोसाठी, म्हणजे चारही चाकं संथ पण जास्त ताकदीने ओढण्यासाठी, गाडी थांबवायची, क्लच दाबायचा, न्यूट्रलमध्ये आणायची आणि मग दांडा ओढायचा. बसला नाही तर कुस्ती खेळू नका. गाडी वीतभर पुढे-मागे सरकू द्या, दातात दात आपोआप बसतो. बऱ्याच गाड्यांत फोर-लोमुळे वेग अडीच पटींच्या आसपास कमी होतो आणि ओढ तेवढीच वाढते. पहिल्या गिअरमध्ये गाडी इतकी संथ चालते की बाजूने चालणारा माणूस पुढे जाऊन वाट बघत उभा राहतो. गाडी चढवते ती ही संथ चालच, इंजिनचा आवाज नव्हे.

'चारही चाकं ओढतात' या श्रद्धेला पहिल्या वाकड्या खड्ड्यात तडा जातो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी लटकतं, तीच दोन गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म. साधं डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा गोळा, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. हवेतलं चाक जवळजवळ काहीच जोर घेत नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. समतेचं हे तत्त्व इथे फार महाग पडतं. दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणारं डिफ-लॉक असेल तर या वेळी लावा. नसेल आणि ट्रॅक्शन कंट्रोल असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर हलका पण स्थिर धरून दोन-तीन सेकंद थांबा. यंत्रणा फिरत्या चाकाला ब्रेक लावते आणि जोर पलीकडे जातो. त्या वेळी खालून येणारी घरघर ऐकून नवशिका घाबरतो आणि नेमका काम होऊ लागताच पाय काढतो.

पुढे दगड दिसला की उतरा आणि वाट पायी बघून या. दगड दोन चाकांच्या मधून काढायचा मोह होतो, पण तिथेच डिफरन्शियलचा गोळा लटकत असतो. टायर दगडावर चढवायचा, म्हणजे पोट आपोआप वर उचललं जातं. दोन्ही अंगठे स्टीअरिंगच्या कड्याच्या बाहेर ठेवा. चाकाला दगडाचा धक्का बसला की स्टीअरिंग झटक्यात फिरतं आणि आत अडकलेल्या अंगठ्याची ते विचारपूस करत नाही. बाहेरून दिशा दाखवणारा माणूस एकच हवा. पाच जण ओरडू लागले तर गाडी थांबवा, आपसात निवडणूक घ्या म्हणावं.

चढावर सरळ जायचं. मध्येच इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका आणि आलात तसेच सरळ मागे या. तिथे गाडी वळवून घेऊ, हा विचार गाडी उलटवतो. उतारावर फोर-लो, पहिला गिअर आणि दोन्ही पाय सतरंजीवर. गाडी घसरू लागली तर ब्रेक नाही, किंचित अ‍ॅक्सिलरेटर. चाकं फिरती राहिली तरच स्टीअरिंग ऐकतं. हे वाचताना पटतं, उतारावर पटत नाही.

पाण्यात आधी आपण उतरायचं, काठी घेऊन. जिथे पायी जायची छाती होत नाही, तिथे गाडी घालायची नाही, मग पुस्तिकेत खोली कितीही लिहिलेली असो. गेलात तर चालण्याच्या वेगाने, मध्ये गिअर न बदलता. उडवलेल्या पाण्याचे फोटो झकास येतात. तेच पाणी एअर इनटेकमधून, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या तोंडातून आत गेलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला वाट मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. उरलासुरला रॉड त्याने जातो.

आणि मग तो क्षण येतो. चाक फिरतंय, गाडी नाही. इथे उजवा पाय माणसाचा वैरी होतो. आणखी थोडं दाबू, निघेल. निघते ती फक्त माती, चाकांखालून. अर्ध्या मिनिटात पोट जमिनीला टेकतं आणि गाडीचा ओटा होतो. म्हणून फिरलं की थांबा आणि उतरा. आधी फावडं. चाकांच्या पुढची आणि पोटाखालची माती काढा, टायरची हवा आणखी दोन-तीन पीएसआय सोडा, चाकाखाली पकड देणाऱ्या खाचांच्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक्शन बोर्ड घुसवा आणि हळूच निघा. गाडी बऱ्याच वेळा फावड्यानेच सुटते, पण फावड्याला रुबाब नाही म्हणून लोक थेट दोरीकडे धावतात. दुसऱ्या गाडीने ओढायचंच असेल तर दोरी ताणली जाणारी, म्हणजे कायनेटिक हवी आणि ती चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच लावायची. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, यात माणसं गेली आहेत. दोरी ताणली जात असताना बघ्यांना तिच्या लांबीच्या दीडपट तरी दूर पिटाळा. वाईटपणा आला तरी चालेल.

एवढं करून घरी येताना 80 च्या वेगाला स्टीअरिंग थरथरू लागतं. माणूस चिंतेत पडतो, व्हील अलाइनमेंट, सस्पेन्शन, बेअरिंग असे एकेक खर्च मोजू लागतो. बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला अर्धा किलो चिखल वाळून चिकटलेला असतो आणि चाकाचा तोल तोच घालवतो. गॅरेज नको, एक खुरपं पुरे. फक्त पुन्हा एकदा उतरावं लागतं, आणि या वेळी पाठीवर.