गूगलच्या ‘गुप्त’ युक्त्या: एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘गूगल तुमच्यापासून लपवून ठेवते अशा सात युक्त्या’ या धर्तीचा संदेश व्हॉट्सॲपच्या गटांमधून वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यातील दावे थोडक्यात असे: शब्दाआधी अधिकचिन्ह लावले की तो शब्द निकालात येतोच, टिल्डची नागमोडी रेघ लावली की समानार्थी शब्दही शोधले जातात, ‘कॅश’ लिहून पत्ता दिला की काढून टाकलेले पान दिसते, अवतरणचिन्हांत दिलेले नेमके तेच आणि सगळे मिळते, निकालांच्या आकड्यावरून शब्दाचे बरोबर रूप ठरते, पीडीएफची अट घातली की कोणतेही पुस्तक फुकट मिळते, आणि इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, केलेला शोध कोणालाच कळत नाही. माझा बहुतेक दिवस संदर्भ शोधण्यात जातो, त्यामुळे हा संदेश मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी कौतुकाने पाठवतेच. म्हणून एकदाच सविस्तर उत्तर.

आधी ‘लपवून ठेवते’ हा शब्द. यातले जे आदेश आज चालतात ते गूगलच्या मदतपानांवर उघडपणे दिलेले आहेत, आणि आदेश पाठ करायचे नसतील त्यांच्यासाठी ‘ॲडव्हान्स्ड सर्च’ नावाचे स्वतंत्र पान अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. ते कोणी उघडत नाही, एवढेच.

पहिले तीन दावे एका दमात निकालात काढता येतात, कारण तिन्ही सोयी एकेकाळी खऱ्या होत्या आणि आता बंद आहेत. अधिकचिन्हाची सोय गूगलने ऑक्टोबर २०११ मध्ये काढली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते चिन्ह गूगल प्लस या गूगलच्याच समाजमाध्यमाची पाने उघडण्यासाठी वापरले जाऊ लागले, आणि ते गूगल प्लसही २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाले. टिल्ड २०१३ मध्ये गेली. समानार्थी शब्द गूगल आता न सांगताच शोधते. उलट ते नको असतील तर ‘टूल्स’मधला ‘व्हर्बॅटिम’ हा पर्याय निवडावा लागतो. ‘कॅश’ची सोय २०२४ मध्ये संपली. जुने पान पाहायचे असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनकडे जावे लागते. तेथे अर्थातच तेच पान सापडते ज्याची प्रत कोणीतरी वेळेवर साठवलेली असते. महत्त्वाच्या पानाची प्रत आपणही त्या संकेतस्थळावर साठवू शकतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असते.

चौथा दावा अर्धा खरा आहे, आणि मराठीत शोधणाऱ्याची खरी फसगत येथेच होते. अवतरणचिन्हे चालतात, ऑगस्ट २०२२ पासून तर गूगल निकालाखालच्या उताऱ्यात शक्यतो तो शब्द जेथे आला आहे तोच भाग दाखवते. परंतु अवतरणचिन्हे शब्दाचे रूप गोठवतात, आणि मराठी शब्द वाक्यात जसाच्या तसा क्वचितच येतो. ‘विहीर’ हा शब्द अवतरणचिन्हांत दिला, तर ज्या पानावर केवळ ‘विहिरीत’ किंवा ‘विहिरींचे’ असे लिहिले आहे ते पान गळू शकते, कारण प्रत्यय लागताच दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते आणि अक्षरेच बदलतात. म्हणून मराठीत अशी रूपे वेगवेगळ्या अवतरणांत द्यावीत आणि त्यांच्यामध्ये रोमन मोठ्या अक्षरांतला ‘ऑर’ (OR) लिहावा. लहान अक्षरांतला तो साधा शब्द समजला जातो.

याहून सूक्ष्म अडचण ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांची आहे. त्यातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत, दोन प्रकारे लिहिता येतो: खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सहसा सारखेच दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमालिका आहेत आणि सगळीच शोधसाधने त्यांना एक मानत नाहीत. शब्द डोळ्यांसमोर असूनही ‘सापडला नाही’ असे उत्तर आले, तर आधी हे तपासावे.

पाचवा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यावर शुद्धलेखनाचे वाद मिटवले जातात. ‘महत्त्व’ की ‘महत्व’ असा प्रश्न निघाला की कोणीतरी दोन्ही शब्द शोधते आणि ज्याचा आकडा मोठा ते रूप विजयी ठरवते. हा आकडा मोजलेला नसून अंदाज असतो. लाखो निकाल असल्याचे सांगणारे गूगल प्रत्यक्षात काहीशे निकालांपलीकडे सहसा जाऊ देत नाही. शिवाय देवनागरीत शोधल्यावर हिंदी पानेही त्यात मिसळतात, आणि हिंदीत ‘महत्व’ असे सर्रास लिहिले जाते. ‘महत्’ला ‘त्व’ जोडल्यावर दोन ‘त’ होतात, हे सांगायला व्याकरण पुरेसे आहे.

सहाव्या दाव्यातील ‘फाइलटाइप’ हा आदेश चालतो, परंतु तो पुस्तक मिळवून देत नाही. जे आधीच उघड्यावर ठेवले आहे आणि गूगलने वाचले आहे तेवढ्यातूनच निवड करतो. नुसती छायाचित्रे असलेली कागदपत्रे त्यातून निसटू शकतात, आणि शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेलीही निसटतात, कारण त्या फॉन्टांत दिसायला देवनागरी असली तरी आतली अक्षरे रोमनच्या संकेतांवर बसवलेली असतात. या आदेशाचा खरा उपयोग शासन निर्णय शोधताना होतो: विषयाचे शब्द, मग ‘साइट’ आणि कोलन देऊन महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता, मग ‘फाइलटाइप’, कोलन आणि ‘पीडीएफ’. हे आदेश प्रत्यक्षात रोमन लिपीतच टाइप करायचे असतात. मी स्वतः एकदा याच ठिकाणी बराच वेळ अडलो होतो. मराठी कळफलक चालू असल्याने कोलनऐवजी विसर्ग पडला होता, आणि दोन टिंबे दोन्हीकडे सारखीच दिसत होती. कोलननंतर मोकळी जागा सोडली तरी आदेश बिघडतो. नको असलेला शब्द वगळणाऱ्या वजाचिन्हाचेही तसेच, शिवनेरी किल्ल्याची माहिती हवी आणि एसटीची शिवनेरी नको असेल, तर ‘शिवनेरी’नंतर जागा सोडावी, पण वजाचिन्ह ‘बस’ला चिकटलेले असावे.

राहिला इनकॉग्निटो. तो फक्त एवढेच करतो की शोधांची नोंद आपल्या यंत्रावर ठेवत नाही, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाला इतिहास दिसत नाही. कार्यालयाच्या नेटवर्कला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो ते कळू शकते, आणि शोधलेले शब्द तर गूगलकडेच जातात. त्याच खिडकीत आपल्या खात्यात लॉगिन केले, तर शोध खात्यातही नोंदला जाऊ शकतो. याच विषयावर अमेरिकेत २०२० मध्ये गूगलविरुद्ध दावा दाखल झाला, आणि २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. संकेतस्थळे, आणि त्यांत गूगलही, माहिती गोळा करतात त्यात या खिडकीमुळे फरक पडत नाही, अशी सूचना क्रोमच्या इनकॉग्निटो पानावरच आता दिलेली असते.