मालकाचं उत्तर: सर्व्हर स्वस्तातला नव्हता, सर

नमस्कार सर. शनिवारी ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी तुमच्या स्पेअर पार्टची साइट दोन तास बंद राहिली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण एक स्टार देऊन "स्वस्तातला सर्व्हर गळ्यात मारला" असं जे लिहिलंत, ते फार लागलं, कारण ते खरं नाही.

सर्व्हर ४ जीबी मेमरीचा आहे, बिलावर तसंच लिहिलंय, आणि रोजच्या ऑर्डरींना तो पुरून उरतो. त्या दिवशी काय झालं ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, स्वच्छ दिसतंय. काउंटरवरच्या स्टॉकच्या एक्सेल शीटमध्ये मालाची यादी आणणारी लिंक आहे. तिच्या शेवटी आम्ही लिमिट=५०, म्हणजे एका वेळी ५०च पार्ट, असं दिलं होतं. दुकानातून कोणीतरी ते २०००० केलं आणि पाच कॉम्प्युटरवर दर मिनिटाला रिफ्रेश लावलं. तुमचे पार्ट १८,०००. फोटोंच्या लिंका, कोणत्या गाडीला बसतो, हे सगळं धरून एका पार्टचे साधारण ६ केबी. म्हणजे एका वेळेला १०० एमबीच्या वर मजकूर, आणि तो तयार करताना पीएचपीला (साइटचा मजकूर तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला) मेमरी लागते त्याच्या कितीतरी पट.

६० सेकंदांत उत्तर आलं नाही की एनजिनएक्स (आलेली मागणी पीएचपीकडे पाठवणारा प्रोग्रॅम) शीटला एरर देऊन मोकळा होतो. मागे पीएचपीचं काम मात्र चालूच राहतं, घ्यायला कोणी नसलं तरी. तेवढ्यात शीट पुन्हा तीच यादी मागते. असं साचत जाऊन मेमरी संपली, आणि लिनक्सने (सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमने) सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारली. ती होती मायएस्क्यूएल, म्हणजे तुमचा सगळा माल नोंदलेला डेटाबेस. आम्ही दोनदा चालू केलं, दोनदा पडलं, कारण शीट उघडीच होती. फोन करून बंद करायला सांगितलं, तर "आमच्याकडचं काही नाही" असं उत्तर मिळालं. १६ जीबी घेतले असते तरी जरा उशिरा हेच झालं असतं, सर. तुमच्याकडून मोठ्या सर्व्हरचे पैसे उगाच घेतले नाहीत, एवढंच आम्ही केलं.

बाहेरून आलेला आकडा न तपासता डेटाबेसकडे जाऊ दिला, ही चूक आमचीच. आता लिमिट १०० च्या वर गेलं की सर्व्हर तिथल्या तिथे ४०० एरर ("मागणी चुकीची आहे") देतो. फोटोची रुंदी-उंचीही लिंकमधून येते. कोणी २०००० बाय २०००० मागितलं तर एका फोटोलाच दीड जीबीच्या वर मेमरी लागेल, तिथेही मर्यादा घालतोय. सर्चमध्येही असं काही होऊ शकतं का, ते बघतो आहोत. पूर्ण यादीची फाइल रोज रात्री तयार करून देण्याची सोय लवकरच करू.

तोपर्यंत जुनी शीट पाचही कॉम्प्युटरवरून काढून टाका, ही विनंती.