शिळ्या कढीचा हिशोब: सोडलेला खेळाडू परत घ्यावा का?

१ जुलैला आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजतात तेव्हा अमेरिकेत ३० जूनची संध्याकाळ असते आणि एनबीए या बास्केटबॉल लीगची फ्री एजन्सी उघडते. ज्यांचे करार संपलेत, त्यांच्याशी इतर संघांची बोलणी सुरू होतात. याच सुमारास दरवर्षी आपल्या बास्केटबॉलवेड्या मंडळींमध्ये एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, सूर तोच असतो: "सोडलेल्या खेळाडूला परत घेणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. चांगला असता तर सोडलाच नसता. परत येतो तेव्हा म्हातारा झालेला असतो, तरुणांची जागा अडवतो, आणि मालक आठवणी विकून तिकिटं खपवतात. पुरावा हवा तर २०२१ चे लेकर्स बघा."

हा मजकूर पाठवणारे बरेचजण खेळ मनापासून बघणारे आहेत, म्हणूनच मला तो सोडून देववत नाही. त्यातली जवळपास प्रत्येक ओळ चुकीच्या जागी बोट ठेवते.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. लेब्रॉन जेम्सचं उदाहरण मी वापरणार नाही. २०१४ मध्ये तो क्लीव्हलंडला परतला, २०१६ च्या अंतिम फेरीत १-३ अशा पिछाडीवरून त्याने विजेतेपद खेचून आणलं आणि त्या शहराची ५२ वर्षांची प्रतीक्षा संपली. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. शेवटची दोन मिनिटं, गुण ८९-८९, आणि प्रतिस्पर्धी गोल्डन स्टेटच्या इग्वोडालाचा जवळून टाकलेला सोपा लेअप लेब्रॉनने मागून धावत येऊन बोर्डावर दाबला, ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. पण असा खेळाडू कुठलाही संघ कधीही घेईल. तो पूर्वी आपल्याकडे होता की नव्हता याने काही फरक पडत नाही. वाद साध्या, मधल्या फळीतल्या खेळाडूंचा आहे.

"चांगला असता तर सोडलाच नसता." स्टीव्ह नॅशला १९९६ मध्ये फीनिक्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पंधराव्या क्रमांकावर घेतलं. तिथे पॉइंट गार्डच्या, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्याच्या, जागेवर केव्हिन जॉन्सन होता, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जेसन किडही आला. नॅशला खेळायला मिळणार कधी? १९९८ मध्ये त्याला डॅलसला धाडलं. तिथे तो बहरला. २००४ मध्ये करार संपला तेव्हा नॅश तिशीत होता. इतक्या लांब मुदतीच्या कराराएवढं त्याचं शरीर टिकेल यावर डॅलसच्या मालकाचा भरवसा नव्हता, त्यामुळे फीनिक्सच्या बोलीची बरोबरी त्याने केली नाही. नॅश फीनिक्सला परतला. आदल्या हंगामात २९ सामने जिंकलेला तो संघ पुढच्या हंगामात ६२ जिंकला आणि नॅश लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

फीनिक्सने १९९८ मध्ये नॅशला सोडलं ते तो वाईट होता म्हणून नव्हे, जागा नव्हती म्हणून. २०१९ मध्ये गोल्डन स्टेटने आंद्रे इग्वोडालाला मेम्फिसला पाठवलं ते पगारांचं गणित जमवायला. खेळाडू का गेला हे न बघता नुसतं 'गेला' यावरून त्याची किंमत ठरवणं म्हणजे भाडं वाढलं म्हणून घर सोडणाऱ्याला वाईट भाडेकरू म्हणण्यासारखं आहे.

इथे मजकूर लिहिणाऱ्यांच्या लक्षात न आलेली आणखी एक बाब आहे. परक्या खेळाडूबद्दल संघाला चित्रफिती आणि आकडे मिळतात. स्वतःच्या जुन्या खेळाडूबद्दल त्यापलीकडचं ठाऊक असतं: गुडघा कुठल्या महिन्यात कुरकुरतो, सलग तीन सामने बाकावर बसवलं तर तोंड फिरवतो की सरावाला आधी येतो, प्रवासात झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी कसा खेळतो. एवढं माहीत असलेला संघ पुन्हा त्याच माणसाकडे जात असेल, तर त्याचा अर्थ आंधळी माया असाच लावायचं कारण नाही.

आता सर्वांच्या लाडक्या पुराव्याकडे येऊ.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी ड्वाइट हॉवर्ड, ट्रेव्हर अरिझा, वेन एलिंग्टन, केंट बेझमोर आणि थोड्या दिवसांनी राजॉन राँडो असे पाच जुने खेळाडू परत आणले. हंगाम ३३ विजय, ४९ पराभव असा बुडाला. बाद फेरीत शिरण्याची शेवटची संधी देणाऱ्या प्ले-इनचीही पायरी गाठता आली नाही. हे सगळं खरं आहे. पण बुडालं कशामुळे?

त्या उन्हाळ्यात लेकर्सनी रसेल वेस्टब्रुकला आणलं आणि त्यापायी कुझ्मा, कॅल्डवेल-पोप, हॅरेल हे तिघं गेले. तोवर लेकर्सकडे आलेला लेब्रॉन, डेव्हिस आणि वेस्टब्रुक यांचे पगारच मिळून १२ कोटी डॉलरच्या वर गेले, आणि लीगची पगारमर्यादा होती ११.२४ कोटी. म्हणजे बाकीचा संघ बहुतेक किमान पगाराच्या करारांवर उभा करायचा होता. त्यात लेब्रॉन ५६ सामने खेळला, डेव्हिस ४०. ज्या घराचे खांबच असे, तिथे किमान पगारावर आलेल्या राँडोच्या माथी अपयश मारायचं हा अन्याय आहे.

आणि 'आठवणींच्या मोहात पडले' म्हणता, तर कुठल्या आठवणी? हॉवर्ड आणि राँडो २०२० च्या विजेतेपदात होते, अरिझा २००९ च्या. पण बेझमोर लेकर्सकडे होता त्या हंगामात संघाने २७ सामने जिंकले होते आणि एलिंग्टनच्या हंगामात २१. त्या वर्षांची हुरहुर लॉस एंजेलिसमध्ये कोणालाही लागलेली नव्हती. ते आले कारण ते स्वस्तात मिळत होते आणि लांबून बास्केट मारू शकत होते. इतर कुठलाही संघ घेतो तसेच घेतलेले खेळाडू ते.

त्या उन्हाळ्यातली मला सर्वांत जास्त टोचणारी चूक वेगळीच आहे. अॅलेक्स करुसो. ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेला मुलगा, लेकर्सनीच घडवलेला, २०२० च्या विजयातला. त्याच्यावर लेकर्सचे 'बर्ड हक्क' होते. खेळाडू सलग तीन हंगाम करार बदलून दुसरीकडे न जाता संघाकडे राहिला, की त्याचा संघ पगारमर्यादा ओलांडूनही त्याला ठेवू शकतो. लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी ही सवलत. ती वापरली असती तर दंडापोटी भरायचा लक्झरी कर वाढला असता, म्हणून लेकर्सनी हात आखडता घेतला. शिकागोने त्याला चार वर्षांसाठी सुमारे ३.७ कोटी डॉलर दिले. २०२३ मध्ये तो लीगच्या पहिल्या बचावफळीत निवडला गेला आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीबरोबर विजेता झाला. म्हणजे २०२१ चे लेकर्स बुडाले ते जुने लोक परत आणून नव्हे, हातात होता तो माणूस जाऊ देऊन. त्या हंगामातून धडा घ्यायचाच असेल तर तो उलट्या दिशेचा निघतो.

हॉवर्डबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण एकाच माणसात या वादाच्या दोन्ही बाजू सापडतात. २०१२-१३ मध्ये तो लेकर्सचा मोठा तारा होता, सामन्याला सरासरी १७ गुण आणि १२ रिबाउंड, म्हणजे फेक चुकल्यावर मिळवलेले चेंडू. संघातल्या कोबी ब्रायंटशी त्याचं जमलं नाही. त्याने राहावं म्हणून शहरात त्याच्या चेहऱ्याचे मोठाले फलक लावले होते, तरी तो ह्यूस्टनला गेला. पुढे तो लॉस एंजेलिसला खेळायला आला की चाहते त्याची हुर्यो उडवायचे. २०१९ पर्यंत पाठीच्या शस्त्रक्रियेने त्याला जवळपास संपवलं होतं. ऑगस्टमध्ये लेकर्सचा कझिन्स जखमी झाला आणि हॉवर्डला बोलावणं आलं, तेही कधीही काढून टाकता येईल अशा करारावर. तो आला आणि १९ मिनिटांचं काम मुकाट करत राहिला. साडेसात गुण, सात रिबाउंड. विभागीय अंतिम फेरीत डेन्व्हरविरुद्धच्या चौथ्या सामन्यात पहिल्या पाचात उतरवल्यावर १२ गुण आणि ११ रिबाउंड. ऑक्टोबर २०२० मध्ये लेकर्स विजेते झाले.

वर्षभराने तोच माणूस पुन्हा त्याच संघात आला आणि संघ बुडाला. माणूस तोच, जर्सी तीच. म्हणजे निकाल 'जुना' या शब्दावर ठरत नाही. त्याला कुठल्या कामासाठी बोलावलं आणि त्याच्या आजूबाजूला कोण आहे, यावर ठरतो.

वयाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, आणि आठवणी विकण्याचाही. डिसेंबर २००९ मध्ये फिलाडेल्फियाने अॅलन आयव्हर्सनला परत आणलं. पहिल्याच रात्री तो मैदानाच्या मधोमध वाकला आणि त्याने संघाच्या बोधचिन्हाचं चुंबन घेतलं. स्टेडियम खच्चून भरलं होतं, पाहताना गळा दाटून आला होता. तो २५ सामने खेळला, आणि संघ हंगामात २७ जिंकला. चौतिशीतल्या, वेगावर जगलेल्या गार्डला त्याच्या जुन्या भूमिकेत परत आणायचं हा निर्णय मुळातच चुकीचा होता. एवढ्यापुरता तो मजकूर बरोबर आहे.

पण पैशाचं बघा. खेळाडू एकदा दुसरीकडे करार करून गेला की त्याच्यावरचे बर्ड हक्क संपतात. परत येताना तो बहुतेक वेळा उरल्यासुरल्या जागेत, किमान पगारावर येतो. तेव्हा त्याची तुलना उगवत्या ताऱ्याशी करून चालत नाही. त्याच पगारात मिळणाऱ्या दुसऱ्या पस्तिशीतल्या खेळाडूशी करायची. दोघांचेही पाय तेवढेच थकलेले. एकाला आपलं आक्रमण माहीत आहे, दुसऱ्याला ऑक्टोबरभर शिकवावं लागेल.

तरुणांची जागा अडते, हा आक्षेप तर टिकतच नाही. इग्वोडाला २०२१ मध्ये ३७ व्या वर्षी गोल्डन स्टेटला परतला आणि हंगामात फक्त ३१ सामने खेळला. त्याच हंगामात संघातला तरुण जॉर्डन पूल सरासरी १८ गुणांवर पोहोचला आणि संघ विजेता झाला.

राहिली भावना. डेरेक फिशर लेकर्सबरोबर तीन विजेतेपदं जिंकून २००४ मध्ये जास्त मोठ्या कराराकडे गेला. २००७ मध्ये त्याच्या तान्ह्या मुलीला डोळ्याचा कर्करोग असल्याचं कळलं. उपचार होऊ शकतील अशा शहरात राहता यावं म्हणून त्याने यूटा संघाकडून स्वतःची सुटका मागितली, हातातल्या करारावर पाणी सोडलं आणि लेकर्सकडे परतला. 'भावनेचा सौदा' म्हणायचं तर याहून मोठा कुठला दाखवणार?

जून २००९, अंतिम फेरीचा चौथा सामना, ऑर्लँडो. लेकर्स तीन गुणांनी मागे. ११ सेकंद उरलेले असताना ऑर्लँडोच्या एका तरुण सेंटरने दोन्ही फ्री थ्रो चुकवले, आणि तो होता ड्वाइट हॉवर्ड. फिशरच्या त्या रात्रीच्या तीन गुणांच्या पाचही फेकी वाया गेल्या होत्या. तरी तो मैदानावर होता. कोबीवर दोघं धावून आले, चेंडू अरिझाकडून फिशरकडे आला. समोरचा जमीर नेल्सन एक पाऊल मागे राहिला, आणि फिशरने चेंडू बास्केटमध्ये टाकला. ४.६ सेकंद शिल्लक, ८७-८७. जादा वेळेत ९१-९१ असताना त्याने तसाच आणखी एक मारला. लेकर्स ९९-९१ ने जिंकले, आणि पुढच्या सामन्यात विजेतेपद.